अडीच वाटीची गाडी

"तांब्या काय म्हनतो ते बघू," एवढंच म्हणायचे, पायातल्या वहाणा गाडीबाहेर जोडीने काढून ठेवायचे आणि काठोकाठ भरलेला पितळी तांब्या हातात धरून आबा गाडीच्या अगदी शेवटच्या रांगेत शिरायचे. शिरायचे म्हणजे कसे? आधी तांब्या, मग डोकं, मग डावा गुडघा, आणि उरलेले आबा मागून सावकाश. एवढ्या खटपटीत तांब्यातला थेंब सांडायचा नाही. आत बसले की गुडघे कानाशी, तांब्या मांडीवर आणि हुकूम सुटायचा, "हां, सोडा आता गाडी."

मी बारामतीत गाड्या विकतो. वीस वर्षं विकतोय. टायरला लाथ मारून गाडीची तब्येत ओळखणारे पाहिले. दार आपटून आवाजावर कान लावणारे पाहिले. बॉनेट उघडून आत बराच वेळ गंभीरपणे बघायचं आणि "बरोबर आहे" म्हणून पुन्हा झाकायचं, असले तर रोजचेच. पण इंजिन, मायलेज, रंग यातलं अवाक्षर न काढता थेट शेवटच्या रांगेत जाऊन बसणारा माणूस मी एकच पाहिला. आमच्या शोरूमसमोर एखादी कोरी गाडी चारी दारं उघडी टाकून उन्हात वाळत घातलेली तुम्ही कधी पाहिली असेल, तर समजा, त्या दिवशी आबा येऊन गेले होते.

आबा वालचंदनगरजवळच्या कळंबचे. वय सत्तरीपुढे, धोतर, पांढरा सदरा, डोक्याला तांबडा पटका. वडिलांच्या काळापर्यंत घरात मेंढरं होती. आता ऊस, चार म्हशी आणि घरभर नातवंडं. पहिल्यांदा आले ते पिंपळीच्या भाच्याबरोबर. भाच्याला तीन रांगांची गाडी हवी होती. मी त्याला तांबड्या रंगाची गाडी दाखवत होतो. एअरबॅगा सांगून झाल्या, मागचा कॅमेरा सांगून झाला, आता सनरूफ उघडून त्याला गार करणार एवढ्यात मामा पिशवीतून तांब्या काढून पाण्याच्या जारपाशी उभे.

मला वाटलं, तहान लागली असेल.

आम्ही इंदापूर रस्त्याला लागलो. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, त्यांनी केलेले खड्डे, आणि गावागणिक दोन गतिरोधक. मागून आवाज आला, "गेलं." पुढच्या गतिरोधकावर पुन्हा, "गेलं." परत आलो तेव्हा आबांचं धोतर, सीट आणि खालचं मॅट, तिन्ही ओलं. आबा उतरले, पिशवीतून स्टीलची वाटी काढली आणि जारमधलं पाणी वाटीवाटीने घेऊन तांब्या पुन्हा काठोकाठ भरला. एक वाटी. दोन वाट्या. मग अर्धी.

"अडीच," आबांनी जाहीर केलं. "न्हाय घ्यायची."

"अहो पण आबा, हिला सहा एअरबॅगा आहेत!"

"आसू द्या की. अडीच वाटी सांडली."

भाच्याने माझ्याकडे बघून खांदे उडवले. "मामा न्हाय म्हनला म्हंजी न्हाय."

असं ते तांबड्या गाडीचं मॉडेल आमच्याकडे कायमचं अडीच वाटीचं म्हणून राहिलं.

भाच्याने शेवटी पाऊण वाटीची गाडी घेतली आणि गावभर सांगितलं. झालं! कळंब, पिंपळी आणि मधल्या साऱ्या वाड्यांत कुणाला तीन रांगांची गाडी घ्यायची असली की आधी आबांना आणायला माणूस जायचा. लग्नाची बोलणी करायला जाणती माणसं नेतात ना, तसे आबा यायचे. आमच्या मॅनेजरने पहिल्या वेळी कपाळाला हात लावला, दुसऱ्या वेळी तांब्यावर बंदी घातली, आणि तिसऱ्या वेळी आबांबरोबर आलेल्या चार जणांपैकी दोघांनी गाडी घेतल्यावर स्वतःच्या हाताने एक जाड टॉवेल आणून माझ्या टेबलाच्या खणात ठेवला. "हा त्यांचा," म्हणाला. "दुसऱ्या कामाला वापरू नका."

वाटी हे माप आमच्यात इतकं मुरलं की एकदा पुण्याहून कंपनीचे साहेब आले, त्यांनी आमच्यातल्या एका हुशार पोराला विचारलं, "या मॉडेलच्या सस्पेन्शनबद्दल काय सांगाल?" तो छाती काढून म्हणाला, "सर, अर्धी वाटी!" साहेबांनी ते वहीत लिहून घेतलं. पुढे त्याचं काय केलं, कुणास ठाऊक.

एकदा वडगाव निंबाळकरच्या एक डॉक्टरीणबाई गाडी बघायला आल्या होत्या. आबा दुसऱ्या कुणाबरोबर आलेले. बाईंनी ती तांब्याची मिरवणूक बघितली आणि सरळ विचारलं, "आबा, हे कशासाठी?"

"बाई, मानसाचं प्वाट म्हंजी तांब्याच की," आबा म्हणाले. "तांब्या हिंदकळला की प्वाट हिंदकळनार. मानूस बोलंल खोटं, तांब्या बोलत न्हाय."

बाईंनी चष्मा वर केला, जरा विचार केला आणि मला हळूच म्हणाल्या, "तसं अगदीच चूक नाही हो."

बाकीच्या सोयींविषयी आबांची मतं ठाम होती. सनरूफ दाखवलं तर म्हणाले, "आमचं पत्रं गळाय लागलं म्हून आमी छत बदललं. तुमी पैसं घिऊन भोक पाडताय." बाटली ठेवायच्या खोबणीत तांब्या घालून बघितला, बसला नाही. "तांब्याला जागा न्हाय आन म्हनं कुटुंबाची गाडी." तिसऱ्या रांगेतल्या एसीच्या झरोक्याला मात्र त्यांनी नाक लावलं, डोळे मिटले आणि मान हलवली. "हे बेस. हितं वारं पायजेच. हितलं मानूस सगळ्यात आधी घाबरं हुतं." मी त्यांना मधल्या रांगेतल्या दोन सुट्ट्या ऐसपैस खुर्च्या दाखवल्या. सांगितलं, याला कॅप्टन सीट म्हणतात. आबा हसले. "कॅप्टन आमच्या घरी येकच हाय, आन ती म्हशीखाली बसलीया."

पाच वर्षं हे चाललं. आबांनी स्वतःसाठी गाडी कधी विचारली नाही. मला वाटायचं, हौस आहे. कुणाला कुस्त्यांची असते, कुणाला बैलांची. यांना तिसऱ्या रांगेची.

आणि एके दिवशी आबा घरच्यांना घेऊन आले. मुलगा, सून, दोन नाती आणि एक नातू. मुलाचं आधीच ठरलेलं होतं. "साहेब, सहा शिटांची द्या. मधी दोन सुट्ट्या खुर्च्या. आबा एका खुर्चीत राजावानी बसतील. मागनं लेकरं मधल्या फटीतनं ये-जा करतील. काय ती सीट पाडा-उचला करायला नको." अभ्यास करून आला होता. सूनबाईंना मागे चार्जिंगची सोय हवी होती, म्हणजे पोरं भांडणार नाहीत. नातू तर केव्हाच सनरूफमधून कमरेपर्यंत बाहेर आला होता आणि शोरूमला हात हलवत होता.

"सात," आबा म्हणाले.

"काय सात?"

"सात शिटांची."

"आबा, मोजा की. आपुन हाय सहा."

"घरात किती?"

मुलगा जरा अडखळला. "घरात सात. पर गाडीत सहाच. आई कवा येती? तिला गाडी लागती. वेशीच्या भायेर गेलं की पदर तोंडाला. तीच म्हनती, तुमी जावा, म्या म्हशी बघते."

सूनबाई म्हणाल्या, "मामंजी, मी किती डाव म्हनलं असंल, चला. त्या ऐकतच न्हाईत."

आबांनी सगळ्यांना तिथंच, चकचकीत फरशीवर, रांगेत उभं केलं. नातवालाही छपरातून खाली उतरवलं. मग दोन बोटांनी जोड्या मोजल्या. "येक. दोन. तीन. आन वर येक," म्हणून शेवटचं बोट रिकाम्या जागेकडे धरलं. "माझा बा सांजचं मेंढरं जोडीनं मोजायचा. वर ऱ्हायलेलं लंगडं असंल, रानात मागं पडलं असंल, तरी मोजनीत धरायचं. मोजनीतनं काढलं म्हंजी कुनी हुडकाय जात न्हाय."

मुलगा चिडला नाही, पण हललाही नाही. मोकळी सीट वागवत गाडी हिंडवायची का, हा त्याचा प्रश्न होता, आणि प्रश्न चुकीचा नव्हता. आबा पाण्याच्या जारपाशी जाऊन उभे राहिले. मी मागोमाग गेलो. तांब्या हातात होता, पण भरत नव्हते.

"लेक नाशकात दिलीया," माझ्याकडे न बघता म्हणाले. "तिनं घर बांधलं. समदी गेली, ही दारात हुभी ऱ्हाऊन हात हलवत व्हती. आता फुडल्या म्हैन्यात लेकीच्या लेकीचं लगीन. ही कालच म्हनली, तुमी जावा. म्या म्हनलं व्हतं, ज्या गाडीत तांब्या हिंदकळत न्हाय ती गावली की हिला बसवू. पाच वरसं झाली, साहेब. अर्ध्या वाटीच्या खाली गाडीच गावंना."

पाच वर्षं! आणि मी ते हौशीत जमा केलं होतं. मी आपलं धंद्याचंच बोललो. "आजींना कशाकशात त्रास होतो?"

"जीपमधी. भाच्याच्या गाडीत. येष्टीत बी. म्या खिडकीतनं टावेल टाकून जागा धरायचो, पर पुढल्या खिडक्यांपाशी ही गर्दी. मागलीच गावायची."

"मोटरसायकलवर?"

"मोटरसायकलवर न्हाय. टॅक्टरवर बी न्हाय. बैलगाडीत तर पुढं बसून गानी म्हनायची."

वीस वर्षांच्या अनुभवाचा माणूस मी. मी मान डोलावली आणि म्हणालो, "विचित्रच आहे!"

पण एक गोष्ट केली. म्हणालो, "आबा, तांब्या राहू द्या. आजींनाच बसवून बघू. चला कळंबला." त्या दिवशी शोरूममध्ये चालवून दाखवायला एकच गाडी उभी होती. तांबडी. आबांनी ती बघितली आणि ते दोन पावलं मागे सरकले. "ही? आवो, ही तर अडीच वाटी!" तरी निघालो. मुलगा माझ्या शेजारी पुढे बसला. सून आणि नाती मधे, आबा नातवाला घेऊन शेवटच्या रांगेत, तांब्यासकट. प्रत्येक गतिरोधकाला मागून "गेलं" असा मेलेला आवाज येत होता.

आजी खरोखरच म्हशीखाली होत्या. धार संपवून बादली झाकून, हात धुऊन बाहेर आल्या. लहानखुऱ्या, ताठ, नाकात नथ नाही पण बोलण्यात भरपूर ठसका. आबांनी मधली सीट उलथून तिसऱ्या रांगेची वाट मोकळी करून ठेवली होती. वर स्वतःचा धुतलेला टॉवेल अंथरला. एसीचा झरोका तिकडे वळवला. खिशात लिंबू तयार.

"बस," आबा म्हणाले. "हळू नेत्यात. वारं लागतंय बघ हितं."

आजींनी वाकून आत बघितलं. ती खाच, ती उंच पायरी, तो टॉवेल, ते लिंबू. मग सरळ उभ्या राहिल्या. "ह्या खुराड्यात?"

"अगं, गाडी हाय ती."

आजींनी त्यांच्याकडे पाठ फिरवली. गाडीला वळसा घातला, पुढच्या डाव्या दाराशी गेल्या, दार उघडलं, पदर खोचला आणि पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. मुलगा बसायचा त्या जागेवर. आमच्या भागात पुढची सीट म्हणजे बाप्यांचा मान. तिथं कुणी बाईमाणूस सासूच्या वयाची झाली तरी आपणहून बसत नाही. मुलगा तोंड उघडं टाकून बघत राहिला. सूनबाई मात्र पदराआड हसत होत्या.

"आई, तितं..."

"तितं काय? तितं काटं हायती व्हय? मला हितनं रस्ता दिसतुया. तुमी बसा मागं."

मी गाडी काढली. सून आणि पोरं घरी थांबली. आबा पुन्हा भरलेला तांब्या घेऊन शेवटच्या रांगेत, मुलगा मधे, आजी माझ्या शेजारी. पहिला गतिरोधक आला. मी आरशात बघितलं. आबांची मान मधल्या सीटवरून पुढे आलेली, नजर आजींच्या मानेवर. दुसरा आला. आजी म्हणाल्या, "ह्यो वाईच हळू घ्या, फुडं खड्डा हाय." खड्डा होताच. तिसऱ्याला त्यांनी मला ट्रॅक्टरला कधी ओलांडायचं ते सांगितलं. वेस गेली. पदर तोंडाला लागला नाही. मी गाडी वळवायला लागलो तशा म्हणाल्या, "का? फुडं रस्ता संपला का?"

आम्ही इंदापूरपर्यंत गेलो, वाचकहो! इंदापूर! तिथं आजींनी उतरून चहा घेतला, वर भजी मागवली, आणि वाटेत कुणाच्या उसाला तुरा आलाय त्याची यादी म्हणून दाखवली. मुलगा आणि आबा अजून गाडीतच होते. मुलगा हळूच म्हणाला, "आबा, तांब्या."

आबांनी खाली बघितलं. तांब्या पायाशी आडवा पडला होता. पार रिकामा. धोतर गुडघ्यापर्यंत भिजलं होतं आणि "गेलं" म्हणायचं त्यांना एकदाही सुचलं नव्हतं. त्या दिवशी किती वाट्या सांडल्या हे कुणीच मोजलं नाही.

ते धोतर पिळत टपरीपाशी आले तेव्हा मात्र त्यांचा आवाज चढला. "पुढं बसायचं व्हतं तर बोलायचं की!"

"कुनी इचारलं?" आजी भजी मोडत म्हणाल्या. "समदी म्हनायची, हिला मागं बसवा, उलटी झाली तर पुढल्यावर नको. म्या बसत व्हते."

"म्या पाच वरसं तांब्या घिऊन हिंडतुया तुझ्यासाठी!"

आजींनी त्यांच्याकडे बघितलं. मला वाटलं आता काहीतरी हळवं बोलतील.

"मग तांब्यालाच न्यायचं नाशकाला," आजी म्हणाल्या, आणि शेवटचं भजं आबांच्या हातावर ठेवलं.

गाडी सात सिटांची घेतली, हे सांगायला नकोच. मुलाने पुन्हा सहाचं नाव काढलं नाही. पण कुठली? आजींना शोरूममधल्या सगळ्या गाड्यांत पुढे बसवलं. एकीची काच ठेंगणी, एकीचा डॅशबोर्ड उंच. मग तांबडीत मी त्यांना सीट वर करायचा दांडा दाखवला. त्यांनी तो मारून मारून सीट अशी वर घेतली की डोकं छताला टेकायचं बाकी. रस्ता, बॉनेट आणि समोरचा पानवाला, सगळं एका नजरेत. "हीच," आजी म्हणाल्या.

"अगं, अडीच वाटीची हाय ती!" आबा कळवळले.

"तुमी न्हाय का मागं? धरा तांब्या."

बसायची मांडणीही त्यांनीच केली. मुलगा गाडी चालवणार, शेजारी आजी, मधल्या सलग सीटवर सून आणि दोन नाती, मागे आबा आणि नातू. मुलगा म्हणाला, "आबा, तुमी तरी मधी बसा." आबा म्हणाले, "बा कळपाच्या मागनंच चालायचा. म्होरं कोन चुकलं ते मागनंच दिसतं." हे बोलताना ते मोठ्या थाटात आत शिरले. ज्या गाडीला पाच वर्षं नावं ठेवली तिच्याच शेवटच्या रांगेत, गुडघे कानाशी घेऊन.

नाशिकचं लग्न झालं. आजी गेल्या, आल्या. वाटेत कुठं थांबावं लागलं का, असं मी फोनवर विचारलं तर मुलगा म्हणाला, "लई ठिकानी. आईला समदं बघायचं असतंय." मग कोल्हापूर झालं, कोकण झालं. शेजाऱ्याच्या पोरीला म्हशींचं काम लावून दिलंय.

आबा आता शोरूमला येत नाहीत. गिऱ्हाइकं विचारतात, "कळंबच्या आबांना बोलवू का?" आणि कळतं की आबा गावात नाहीत. आमचा धंदा पुन्हा एअरबॅगांवर आला. टॉवेल खणात कोरडा पडून आहे. दुसऱ्या कामाला वापरला नाही. आणि खरं सांगतो, कुणी मागच्या रांगेत न बसता गाडी घेतली की मलाच चुकल्यासारखं वाटतं. परवा तर मी एका गिऱ्हाइकाला म्हणालो, "घरी किती जण? जोडीने मोजा."

मागच्या आठवड्यात मी मोटरसायकलवरून पिंपळीच्या पुढे चाललो होतो. गतिरोधकाशी एक तांबडी गाडी हळू झाली. पुढे, छताला डोकं टेकवून, आजी. काच खाली, एक हात बाहेर, समोरच्या ट्रॅक्टरवाल्याला बाजूला हो म्हणून खुणावत. मी मोटरसायकल बाजूला घेतली. गाडी गतिरोधकावर चढली, उतरली, आणि शेवटच्या रांगेच्या बंद काचेआड तांबडा पटका छतापर्यंत जाऊन खाली आला.

आबांनी मला बघितलं. मी हात केला आणि मोठ्याने विचारलं, "तांब्या काय म्हणतो?"

काचेतून ऐकू गेलं नसणार. पण त्यांनी मांडीवरचा तांब्या उचलला, काचेला लावला आणि मला दाखवून उपडा केला. त्यातून एक थेंबही पडला नाही. भरलाच नव्हता.

शेजारी नातू पोट धरून हसत होता. गाडी इंदापूरकडे गेली.